वरच्या कुरणातला चर

वनचौकी, वरचं कुरण
४ मे

आत्या,

मागच्या पत्रात तुला एक गोष्ट चुकीची कळवली, ती आधी दुरुस्त करते. कुरणाच्या मधोमध जी खोल घळ आहे ती गुराख्यांच्या जनावरांच्या खुरांनी पडली, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. पहिल्याच दिवशी, चढाचा दम अजून छातीत असताना, एका टोकाला उभी राहून मी ते ठरवून टाकलं आणि तुला लिहून मोकळी झाले. तीन दिवसांपूर्वी वनस्पतीवाल्या बाईंबरोबर वरच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे घळ नाहीच. तिथे गुडघाभर खोल, दोरी धरून काढल्यासारखा सरळ चर आहे. जनावर कधी सरळ चालत नाही, आणि पाणी तर नाहीच नाही. तो माणसांनी खणला आणि पुढे पाण्याने त्याची घळ केली. गुराख्यांना मी विनाकारण दोष दिला. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं झालं, अजून आराखड्यात नाही गेलं ते." पण तुझ्या पत्रात तर गेलं होतं ना. दोन रात्री मन खात होतं.

तू विचारलं होतंस, गवत वाढवायला सरकार पगार कशाला देतं, ते तर फुकट वाढतं. इथे वाढेनासं झालंय, म्हणून. हे सगळं सरकारी जंगल आहे, आणि जुन्या नकाशात हे कुरण आताच्या चौपट आहे. तेव्हा ते ओलं होतं. आता एका बाजूने पाइनची झाडं आत येत आलीत आणि जमीन वाळत चालली आहे. ते पुन्हा कुरण व्हावं म्हणून काय काय करायचं याचा आराखडा आम्हाला द्यायचाय. बाई झाडंपानं ओळखतात. मी जमीन आणि पाणी मोजते आणि लिहिते. खाली सही माझी असणार. आपल्या घरातली शाळेत गेलेली मी पहिली, आणि माझ्या सहीने एक अख्खा डोंगर हलणार.

पण आत्या, परवा काय झालं ते ऐक. आम्ही जमिनीत लांब दांड्याचं गिरमिट घातलं. फिरवायचं, वर काढायचं, आत आलेली माती बघायची, पुन्हा घालायचं. वर तपकिरी, खाली काळी, मग लोण्यासारखी मऊ काळी. दोन पुरुष उंचीच्या खालून जी माती आली तिच्यात शेवाळाचा एक तुकडा होता, नखाएवढा, चुरगळलेला. बाईंनी तो चहाच्या बशीत पाण्यात सोडला. तो हळूहळू उलगडला. पान न् पान वेगळं झालं, आणि आत्या, ते हिरवट होतं! बाई म्हणाल्या, "माणसाला शेती माहीत नव्हती तेव्हाचं आहे हे." त्या बशीतून मी अजून चहा प्यायलेले नाही. धुतली आहे, तरी होत नाही.

एक विचारायचं होतं. इथली झाडं आपोआप आलेली नाहीत, रांगेत आहेत. मी पहिलीत होते तेव्हा तू टोळीबरोबर रोपं लावायला उंचावर कुठेतरी जायचीस. ती जागा हीच का? एका कडेला आडव्या पडलेल्या म्हशीसारखा मोठा खडक आहे.

तुझी



११ मे

खोडरबरास आशीर्वाद,

पत्र पावलं. आधी चुकीची माफी, मग मजकूर. नमनालाच घडाभर तेल! लहानपणी वहीला भोक पडेपर्यंत खोडायचीस, ते नाव मी तुला उगाच नाही ठेवलं. गुराख्यांना तू काय बोललीस ते त्यांना कळलंही नाही आणि तू दोन रात्री झोपली नाहीस. त्यांना कळव, म्हणजे तेही हसतील.

आता नीट बस. बसलीस? तो चर माझा आहे.

तीच जागा गं! आणि तो खडक म्हशीसारखा नाही. त्याला आम्ही कारकून म्हणायचो. का, तर काही न करता दिवसभर बसून असायचा आणि सगळ्यांवर नजर ठेवायचा. ऊन लागलं की आम्ही कारकुनाच्या सावलीत भाकरी सोडायचो.

ऐक. हुकूम आला होता की वरची रिकामी जागा झाडांनी भरून काढा. आम्ही सहा बायका, मी मुकादमीण. रोपवाटिकेतून पिशव्या डोक्यावर घेऊन चढायचं. पहिल्या वर्षी लावलेली रोपं पिवळी पडली, मुळं कुजली. दुसरी टोळी असती तर मजुरी घेऊन घरी गेली असती. हुकूम रोपं लावण्याचा होता, जगवण्याचा नव्हता. पण मला ते बघवेना. मी म्हटलं, पोराचे पाय ओले राहिले तर पोर आजारी पडणारच. पाय कोरडे करा. म्हणून चर खणला. कुणी सांगितलं नव्हतं हो! माझ्या डोक्यातून निघालेला. वरच्या झऱ्यापासून कड्याच्या तोंडापर्यंत, दोरी लावून. आमच्यातली लांबडी म्हणायची, "मुकादमीणबाई, पाणी वाकडं गेलं तरी चालेल, एवढं सरळ कशाला?" मी म्हटलं, बघणाऱ्याने म्हटलं पाहिजे की बायकांनी खणलाय म्हणून एवढा सरळ आहे.

दुसऱ्या वर्षीची रोपं सगळी जगली. मोठे साहेब बघायला आले, चरात उतरले, वर आले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. माझा हात चिखलाचा, त्यांचा हातमोजा पांढरा. त्यांनी तो काढला आणि मग मिळवला. आयुष्यात माझ्याशी कुण्या साहेबाने हात मिळवला तो तेवढाच. तू तेव्हा पाटीवर अक्षरं काढायचीस आणि मी शेजारी बसून तुझ्या मागून काढायचे. माझं पहिलं सलग वाक्य तुला आठवत नसेल. "आज झाडे लावली."

किती मोठी झालीत ती? माझ्या वतीने एकाला मिठी मार. आणि तुझ्या त्या आराखड्यात लिही की चर गाळाने बुजला असेल, तो साफ करून घ्या.

तुझी आत्या



वनचौकी
२० मे

आत्या,

तुझं पत्र वाचून मी कारकुनाकडे गेले आणि त्याच्या सावलीत बसले. थंड असतो. झाडं खूप मोठी झालीत, वर बघितलं की मान दुखते. एकाला मिठी मारली. माझे हात पलीकडे जेमतेम पोचले आणि झगा डिंकाने भरला. दोन धुण्यांतही वास गेला नाही.

इथे नवीन एक गंमत चालू आहे. बाईंनी मला पाइनच्या दाट सावलीतली माती आणायला लावली. तिथे सुयांच्या थराखाली गवताचं पातंही नाही, नुसता अंधार. ती माती आम्ही पत्र्याच्या तीन तबकांत पसरली, खिडकीत उन्हात ठेवली आणि ओली ठेवत गेलो. मला वाटलं, यातून काय येणार. आठवड्याने बघते तर केसांसारखे हिरवे धागे! आता ते बोटभर झालेत. लव्हाळा आहे, आणखी दोन जातीचं गवत आहे, आणि एक पाच पाकळ्यांचं पांढरं फूल येणारं झाड आहे, ते बाईंना या डोंगरावर कधी दिसलंच नव्हतं. म्हणजे बी इतकी वर्षं अंधारात, झाडांखाली, नुसतं थांबून होतं. कुणी बोलावेल म्हणून नाही, नुसतंच. सकाळी उठल्यावर मी आधी त्या खिडकीशी जाते, चूळसुद्धा नंतर भरते. हसू नकोस.

कुरणात ठिकठिकाणी नळ्या गाडून आम्ही जमिनीखालचं पाणी मोजतो. ते बरंच खाली गेलंय. आराखडा अजून चाललाय. पुढच्या महिन्यात मुख्य कचेरीत बैठक आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत बाहेर बसू नकोस.

तुझी



२९ मे

खोडरबरास,

पत्र दोनदा वाचलं. तबकातलं गवत छान, फूल छान, माझे गुडघे छान. चराचं काय?

मी विचारलं होतं चर साफ करून घेशील का. तू वासाच्या झग्यावर अर्धं पान लिहिलंस आणि चराबद्दल चकार शब्द नाही. मला शेंडी लावू नकोस. तुला वाढवलंय मी. तू खोटं बोलत नाहीस, बोलताच येत नाही तुला, पण खरं बोलायचं नसलं की माझ्या गुडघ्यांची चौकशी करतेस.

मला वाटतं मला कळलंय. ती झाडं कुणालातरी विकायची आहेत. चांगली सरळ झालीत, आता लाकडाला भाव येईल, म्हणून कचेरीतल्यांचे डोळे तिकडे वळले. कुरण वगैरे सगळी बतावणी. आणि तू बिचारी मध्ये अडकलीस, सही कर म्हणतात. असं असेल तर सरळ लिही. लांबडी अजून आहे, आणखी दोघी आहेत. गुडघे असले तसे असोत, आम्ही चढू आणि कुऱ्हाडीपुढे बसू. चार म्हाताऱ्यांना उचलून न्यायला कुणालाच आवडत नाही, त्यांच्या शिव्या फार लागतात.

खरं काय ते लिही.

आत्या



वनचौकी
३ जून

आत्या,

तू जे समजलीस ते नाही. कुणी काही विकत नाही. कचेरी चांगली आहे, बाई तर फारच चांगल्या. झाडं पाडायची असं मीच लिहिणार आहे.

सगळं लिहिते. पाच वेळा लिहून फाडलं, हे सहावं आहे, हे आता फाडणार नाही.

कुरण दिसतं तसं नसतं. वर गवत आहे, पण खाली दोन पुरुष उंचीचा काळ्या मातीचा आणि कुजलेल्या शेवाळाचा थर आहे, तो बोळ्यासारखा पाणी धरून ठेवतो. हिवाळ्याचा बर्फ वितळला की ते पाणी यात मुरायचं आणि पूर्ण उन्हाळाभर थेंबाथेंबाने खालच्या ओढ्याला मिळायचं. खालच्या वस्त्या त्यावर जगायच्या. हे हजारो वर्षं चाललं होतं, बशीतलं ते शेवाळ त्याचंच. चर खणला तेव्हा ते पाणी धरून राहायला जागा उरली नाही. आता बर्फ वितळला की सगळं पाणी एकदम गढूळ होऊन कड्यावरून खाली जातं आणि उन्हाळ्यात ओढा कोरडा पडतो. चर दरवर्षी खोल होतो, आता मी त्यात उभी राहिले तर बाहेरचं काही दिसत नाही. काळा थर वाळून भेगाळतोय आणि खाली बसतोय. बसलेला थर पुन्हा वर येत नाही.

तू म्हणशील, चर बुजवा, पण झाडं राहू देत. मीही तेच म्हटलं होतं. बाईंशी भांडले. पण चर बुजला की पाणी वर येणार आणि झाडं उभ्या उभ्या कुजणार, तुझ्या पहिल्या वर्षीच्या रोपांसारखी. पाणी राहील किंवा झाडं राहतील. दोन्ही राहत नाहीत. हे मी पाण्याच्या नळ्यांत चार-चारदा तपासलं, आकडा चुकलेला असावा म्हणून. नाही चुकला.

करायचं काय, तर झाडं पाडायची आणि त्यांचेच ओंडके चरात ठिकठिकाणी आडवे घालायचे, वर माती आणि गवताचे गड्डे रचायचे. बाई म्हणतात, पाण्याखाली हवा लागली नाही की लाकूड कुजत नाही. म्हणजे तुझी झाडं तिथेच राहतील, आडवी, आपण सगळे गेल्यावरही. हे ऐकून मला बरं वाटलं होतं. तुला वाटणार नाही, ते मला कळतं.

हे कुणाचंच पाप नाही. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मी अजून सही केलेली नाही. बैठक वीस तारखेला आहे. तू नको म्हणालीस तर मी करणार नाही. आराखडा दुसऱ्या कुणाला द्या, असं सांगेन. तेवढं मला सांगता येईल. तुझ्या पत्राची वाट बघते.

तुझी



वनचौकी
२८ जून

आत्या,

तुझं पत्र नाही. टपालाची पिशवी घेऊन चौकीदार वर आला की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते, मग पिशवीकडे. आज तो लांबूनच हात हलवून नाही म्हणाला.

बैठकीला जाऊन यायला चार दिवस लागले. मी सही करायला मुदत मागितली. कारण विचारलं तर पाण्याची आणखी मोजणी हवी असं मी म्हणाले. ते अर्धं खरं आहे. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली.

बैठकीच्या आधी आम्ही चराचं अगदी वरचं टोक, झऱ्याजवळचं, थोडंसं बुजवून पाहिलं होतं. फळ्या आणि गवताचे गड्डे घालून, नुसतं बघायला. परत आल्यावर तिकडे गेले तर वाट सापडेना. जिथे कोरड्या भेगा होत्या तिथे पाऊल ठेवलं आणि जमीन हलली. खरंच हलली, माझ्यापासून पाचेक हातांवरचं गवत डोललं. मी दुसरं पाऊल टाकलंच नाही. पायाखाली पाणी परत आलं होतं आणि त्याने जमीन उचलून धरली होती. नीट उभी राहिले तर आवाज येत होता, इतका बारीक की कानात आहे की बाहेर ते कळेना.

हे तुला लिहायला नको होतं का, माहीत नाही. पण दुसऱ्या कुणाला लिहू?

रागावली असशील तर रागावल्याचंच पत्र पाठव.

तुझी



६ जुलै

खोडरबरास,

रागावले होते. अजून आहे. पण आता दुसऱ्याच कारणासाठी.

तुझं तीन तारखेचं पत्र वाचलं आणि घडी घालून डब्यात टाकलं. तुझा बाप विचारत होता, पोरीचं काय आलं. म्हटलं, गवताचं आलंय. तिसऱ्या दिवशी लांबडीकडे गेले आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चर फार सरळ झाला म्हणून मी तेव्हाच म्हणत होते." मला इतकं हसू आलं की रडू आलं, की रडू आलं म्हणून हसले, आता काही सांगता येत नाही.

मग आम्ही दोघी वर गेलो. तुला सांगितलं नाही. तू बैठकीला खाली गेली होतीस. तुमच्या चौकीदाराला वाटलं आम्ही काटक्या गोळा करायला आलोय. त्याने चहा दिला आणि म्हणाला, पलीकडे जाऊ नका, तिकडे आमच्या बाई पाण्याचं काम करतात, त्या फार कडक आहेत. मी म्हटलं, कडक? ती? लांबडीने मला चिमटा काढला म्हणून गप्प बसले.

झाडं बघितली. काय सांगू? एकेका रांगेतून चालत गेले. कोणती रांग कुणी लावली ते आठवत होतं. मग चर बघितला. मी खणला तेव्हा तो माझ्या गुडघ्याएवढा होता. आता मी त्यात वाकून बघितलं आणि मागे सरले. आपल्या हातची वस्तू आपल्यापेक्षा मोठी झाली की भीती वाटते.

आणि मग आम्ही वरच्या टोकाला गेलो. मीही पाऊल टाकलं आणि जमीन हलली. मी बसले, बाही वर केली आणि गवतात हात घातला. कोपरापर्यंत गेला, पुढेही गेला. आत बर्फासारखं थंड. आणि पाणी चाललं होतं. ओढत नव्हतं, ढकलत नव्हतं, झोपलेल्या माणसाचा श्वास चालतो तसं. मी हात काढलाच नाही, लांबडी म्हणाली सुन्न होईल, तरी नाही काढला. एवढी वर्षं मला वाटायचं त्या डोंगराला मी काहीतरी दिलं. त्याच्याकडे आधीपासून काय होतं ते मी कधी हात घालून बघितलंच नव्हतं.

तुला एक सांगते. आम्ही पहिल्यांदा पिशव्या घेऊन वर पोचलो ती सकाळ. चढ संपला आणि समोर ते सगळं फुललेलं होतं. पांढरं, पिवळं, जांभळं, आणि मधून मधून पाणी चमकत होतं. आम्ही सहाजणी पिशव्या डोक्यावर घेऊन तशाच उभ्या. मागून साहेबाचा माणूस आला, म्हणाला, "हीच ती रिकामी जागा." आणि गंमत बघ, त्याने रिकामी म्हटलं आणि ती आम्हाला रिकामी दिसायला लागली. आम्ही पिशव्या खाली ठेवल्या आणि कुदळी घेतल्या.

आता रागाचं. तू लिहिलंस, तू नको म्हणालीस तर सही करणार नाही. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस. मी कोण परवानगी देणारी? ते जंगल ना माझं, ना तुझं. तुझ्याकडे काम दिलंय, तू मोजलंयस, चारदा मोजलंयस, मग सही तुझी. मी हो म्हटलं म्हणून केलीस तर ती सही माझी होईल, आणि मला तसली सही नको. माझी म्हणायला एक चर पुरे.

आणि ते "कुणाचंच पाप नाही", ते मला आवडलं नाही. पाप नसेल, पण काम आहे ना? चर आम्ही खणला. चांगला खणला, चुकीच्या जागी खणला. तुझ्या आराखड्यात तसं लिही. "कुणीतरी" असं लिहिशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे, आत्याला झाकशील. झाकू नकोस. माझ्या हातून झालेली एक चूक सरकारी कागदावर येऊ दे. बरोबर काम तर कधी आलं नाही.

आणि दोन-चार झाडं माझ्यासाठी म्हणून उभी ठेवशील, तेही नको. अर्धवट काम मला बघवत नाही.

तुझी आत्या



वनचौकी
१५ जुलै

आत्या,

तुझं पत्र मी कुरणात नेऊन वाचलं. चौकीदाराला तुझं नाव सांगितलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मी त्यांना साखर कमी घातली हो." पुढच्या वेळी जास्त घालेन म्हणतोय.

तू बरोबर ओळखलंस. आराखड्यात मी लिहिलं होतं, "पूर्वी केव्हातरी कुणीतरी खणलेला चर". आज ते काढून असं लिहिलं: "रोपं जगावीत म्हणून लागवडीच्या सहा बायकांच्या टोळीने, वरून हुकूम नसताना, स्वतःहून खणलेला चर. काम उत्तम. जागा पाण्याची होती आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं." बाईंनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "शेवटचं वाक्य कचेरीला बोचेल." मी म्हटलं, खरं आहे. त्या म्हणाल्या, "म्हणूनच ठेव."

कारकुनाशेजारची झाडं मी नकाशावर सोडली होती, हेही तू ओळखलंस. बाईंनी विचारलं होतं, ही का ठेवली? मी म्हटलं, तिथे जमीन जरा उंच आहे. उंच आहे, पण तेवढी नाही. आज तीही पाडायच्या झाडांत घातली. 

आणि सही केली. तुला न विचारता केली. आता सांगतेय, विचारत नाहीये.

लगेच सुरुवात करता येत नाही. झाडांत पाखरांची घरटी आहेत, पिल्लं उडायची आहेत. पाणथळीतल्या फुलांचं बी पिकून पडायचंय, ते आम्ही गोळा करून पाडलेल्या झाडांच्या जागी टाकणार आहोत. पांढरं फूल तबकात फुललं आहे. त्याचं बी मिरीच्या पुडीसारखं बारीक आहे, श्वास रोखून गोळा करावं लागतं. बर्फ पडायच्या आधी जमीन सगळ्यात कोरडी असते तेवढे चार आठवडे काम करायचं, म्हणजे ओंडके ओढताना कुरणाला इजा कमी होईल.

लाकूडतोड्यांची टोळी ठरली आहे. मी त्यांच्या मुकादमाकडून करवत धरायला शिकतेय. तो म्हणतो, हे काम शिकलेल्यांचं नाही. मी म्हटलं, माझ्या आत्याचंही नव्हतं, चर खणणं. त्याला काही कळलं नाही, पण त्याने करवत माझ्या हातात दिली. दुसऱ्यांनी सगळं पाडायचं आणि मी कागद घेऊन बाजूला उभं राहायचं, ते मला जमणार नाही. जे मी लिहिलं त्याचा पहिला घाव तरी माझ्या हातचा हवा.

तू ये असं म्हणत नाही. येऊ नकोस असंही नाही. पण दिवस तुला आधी कळायला हवा, कुणाच्या तोंडून नाही, माझ्याकडून.

सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी, तेरा तारखेला, सकाळी दव वाळल्यावर, झऱ्याजवळच्या पहिल्या रांगेतलं पहिलं झाड मी पाडणार आहे.

तुझी